शिल्लक रजा

३० जून २०१८. शनिवार होता. बँकेतल्या माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. शाल, नारळ, भाषणं, समोसे सगळं आटोपलं आणि मी ड्रॉवर रिकामा करत असताना स्टाफ विभागातली मुलगी एक कागद घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या रजेचा उतारा. बघून सही करा फक्त."

सदतीस वर्षं आकडे वाचले. त्यामुळे कागद हातात आला की नजर आधी तळाला जाते. तळाला लिहिलं होतं, शिल्लक प्रिव्हिलेज लीव्ह २४० दिवस. आमच्याकडे रजा साठवून तिचे पैसे घ्यायची मर्यादा तेव्हा तेवढीच होती. त्या दोनशे चाळीस दिवसांचे पैसे शेवटच्या पगाराच्या हिशेबाने माझ्या हातात येणार होते. मला बरं वाटलं. कधी रजा न घेणारी बाई अशी शाखेत माझी ओळख होती आणि त्या ओळखीवर हा जणू शिक्काच बसला होता. सही करायला पेन काढलं, तेवढ्यात वरच्या बाजूचा एक रकाना दिसला.

बँकेत ज्यांनी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. अकरा दिवस काम केलं की एका दिवसाची रजा खात्यात पडते. वर्षाकाठी तीसेक दिवस होतात. आम्ही तिला पीएल म्हणतो. बारा कॅज्युअल वेगळ्या. ताप, लग्न, बारसं, घरी आलेला प्लंबर यांत त्या संपून जातात. पीएल मात्र साठवता येते. आणि साठवलेलं मोडायचं नाही हे आम्हां कोकणातल्या माणसांच्या हाडात असतं. आमच्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात. सुकी फाटी, तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, सुकं मासळं. चार महिने पाऊस घराबाहेर पाय ठेवू देत नसे तेव्हापासूनची ही रीत. माझी रजाही अशीच बेगमी होती. कधीतरी मोठा पाऊस येईल, आजारपण येईल, कुणाचं अडेल, तेव्हा लागेल.

पण २४० दिवस भरले की पुढे जमा होणारा प्रत्येक दिवस बुडत असे. वर दिसला तो रकाना त्या बुडालेल्या दिवसांचा होता. त्याचं नाव 'लॅप्स'. माझ्या उताऱ्यात १९९७ पासून तो रकाना भरत गेला होता. कुठे सात, कुठे अकरा, एका वर्षी एकोणीस. सही केली, कागदाची झेरॉक्स पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून त्या रकान्याची बेरीज केली. १६३ आली. पुन्हा केली. १६३च. त्या दिवसांचे पैसेही नव्हते आणि ते दिवसही नव्हते.

तेव्हापासून तो कागद माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढून बघते. कुठले दिवस होते हे?

१९८१ साली मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हते. दोन हातांनी उचलावी लागणारी लेजरं होती, पितळी टोकनं होती आणि दर संध्याकाळी जमवायचा ताळा होता. दिवसभराच्या नोंदींची जमा आणि नावे बाजू पैशापर्यंत जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. फरक आला तर तो शोधायच्या युक्त्या जुन्या लोकांनी आम्हाला शिकवल्या होत्या. फरक दोनने भागून पाहायचा. तेवढ्याच रकमेची नोंद कुठे सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडलेली असते. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेले असतात.

१९९१ सालची एक संध्याकाळ आहे. फरक २७० रुपयांचा. नऊने भाग जातो, म्हणजे उलटा आकडा शोधायचा. त्या दिवशी व्हाउचरं साडेचारशेच्या वर होती. सहा वाजले, सात वाजले. मी तेव्हा डोंबिवलीत राहत होते आणि तीन वर्षांची लेक पाळणाघरात होती. तिला साडेसातला घेऊन जायचं ठरलेलं. मिस्टरांची त्या आठवड्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत दुसरी पाळी. पाळणाघराच्या काकूंकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला. सव्वाआठला मला तो आकडा सापडला. व्हाउचरवर १,५२० होते आणि लेजरमध्ये १,२५०. शाखेत टाळ्या पडल्या. मी धावत व्हीटी गाठलं. डोंबिवलीला पोचायला पावणेदहा झाले.

काकूंनी दार उघडलं तेव्हा लेक दाराशेजारी भिंतीला टेकून झोपली होती. सात वाजल्यापासून तिने चपला घालून ठेवल्या होत्या. डब्याची पिशवी मुठीत घट्ट धरलेली. काकू म्हणाल्या, "काढूच देत नव्हती चपला. म्हणे, आई आली की उशीर होतो." तिला उचलताना एक चप्पल पायातून गळून पडली. ती दाराबाहेर जिन्यावर पडली तो आवाज मला आजही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहाच्या वेळी माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला ते आवडलं, हेही इथे लिहायला हवं.

त्या काळी बचत खात्यावरचं व्याज काढताना महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यातली सर्वांत कमी शिल्लक धरत. पूर्ण महिना खात्यात पन्नास हजार पडून असोत, एक दिवस पाचशेवर आलं की व्याज पाचशेवरच. २०१० च्या एप्रिलपासून ते रोजच्या शिल्लकीवर मिळू लागलं. लेकीला मी घातलेल्या वेण्या आठवत नाहीत, रात्री जागून शिवलेला गॅदरिंगचा परकर आठवत नाही. ती संध्याकाळ आठवते. झोपेत होती म्हणावं तर चपलेचं सुद्धा आठवतं.

बाळंतपणाची रजा तेव्हा तीन महिन्यांची. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली, त्या दिवशी आमच्या शाखेतल्या गरोदर मुलीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तीन महिन्यांच्या बाळाला दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून स्टेशनच्या पुलावर चढणं काय असतं, ते माझ्या पिढीतल्या नोकरदार बायकांना कुणी विचारू नये. पदर ओला होतो आणि गाडी यायची असते.

आमच्या घरात एक माणूस असा होता, ज्याने आपला वेळ कुणाला बुडवू दिला नाही. माझे सासरे.

ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही. मी १९८४ ला लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा संप मिटलेलाही नव्हता आणि चालूही नव्हता. सासूबाई गावी शेती सांभाळत. सासरे बावन्न वर्षांचे. त्यांना निवृत्त कुणी केलं नाही. निरोपाची शाल नाही, नारळ नाही. एक दिवस ते पाळीला गेले नाहीत आणि मग कधीच गेले नाहीत. भोंगा वाजायचा बंद झाला तरी त्या वेळेला ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहत.

पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. आधी दादरला, मग आम्ही डोंबिवलीला आल्यावर तिकडेच एका सोसायटीत. बारा तासांची ड्युटी. आयुष्यभर आठ तासांच्या पाळीत साचे चालवलेला माणूस म्हातारपणी बारा तास लोखंडी स्टुलावर बसत होता. साप्ताहिक सुट्टी नव्हतीच. भरला दिवस तर पगार, नाहीतर खाडा. तरीही दर रविवारी ते खाडा करत. महिन्याला चार दिवसांचा पगार कापला जाई. एकदा पैशांची फार ओढ होती, तेव्हा मी भीतभीत म्हटलं, "दादा, एखादा रविवार केलात तर?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "रविवार कुणी फुकाट नाय दिलेला, बाय."

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. गिरणगावातल्या सभांमधून त्यांच्या कानावर पडलेलं. पुढे मी वाचलं ते असं. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि सुट्टीचा ठरलेला वार नव्हता. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजारांच्या वर कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं आणि मग सहा वर्षं तो विषय सोडला नाही. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामाचा आठवडा ४८ तासांवर यायला आणखी अर्धं शतक गेलं. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तो पक्का झाला. सासऱ्यांना ही सालं माहीत नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की हा वार आपल्या आधीच्यांनी मागून मिळवलेला आहे आणि तो आपण परत द्यायचा नाही.

त्या रविवारचं ते करत काय, तर मासळी आणत. गावाहून मुंबईत आले तेव्हा दहा-बारा पुरुष एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारे. तिथे ते रांधायला शिकले होते. बांगडे आणायचे, स्वतः साफ करायचे, पाटा धुऊन खोबरं, मिरची, धणे वाटायला बसायचे. दोन्ही पाय पसरून, सावकाश, वाटण मेणासारखं होईपर्यंत. मला म्हणायचे, "तू बस. रविवार तुझापण हाय."

मी बसले नाही. सात दिवसांचे कपडे असत, पुढच्या आठवड्याच्या भाज्या निवडायच्या असत, डोशाचं भिजवायचं असे, लेकीचा अभ्यास असे. त्यांचं वाटण होईपर्यंत मी घरभर धावत असे. ते पाट्यावरून मान वर करून बघत. पुन्हा कधी बोलले नाहीत. १९९६ ला गेले. त्याच वर्षी मी ऑफिसर झाले. क्लार्कला जास्त बसल्याचा ओव्हरटाइम मिळतो, ऑफिसरला मिळत नाही. त्याच्या दिवसाला शेवटच नसतो. उताऱ्यातला लॅप्सचा रकाना भरायला लागला तो पुढच्या वर्षापासून, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

बँकवाल्यांचे काही दिवस तर हिशेबात धरायचेच नाहीत. माझ्या नोकरीची पहिली वर्षं ३१ डिसेंबरची रात्र आम्ही वार्षिक क्लोजिंगमध्ये काढत असू. बाहेर बंदरात बाराच्या ठोक्याला बोटींचे भोंगे वाजत, ते ऐकून आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत असू आणि पुन्हा बेरजांना लागत असू. १९८९ पासून हिशेबी वर्ष मार्चवर गेलं, तेव्हा तीच रात्र ३१ मार्चला आली. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतरचे ते आठवडे. त्यातल्या पहिल्या शनिवार-रविवारीही बँका उघड्या होत्या. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघून घरी जावंसं वाटत नव्हतं, हे खरं. त्या रविवारी रात्री घरी आले तेव्हा सासऱ्यांच्या फोटोवरचा हार वाळून गेला होता. तो काढून ठेवताना माझे हात थबकले.

पण मला सांगायचंय ते २००४ च्या मे महिन्याबद्दल.

माझं माहेर देवरुखजवळ. आईचा फोन आला. "यंदा रायवळ वाकलाय नुसता. चार-आठ दिवस काढून ये. साठं घालू."

आंब्याचं साठ घालताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की ते एका दिवसाचं काम नाही. रायवळ आंबे पिळून रस काढायचा, तो मंद आचेवर थोडा आटवायचा, ताटाला तुपाचा हात फिरवायचा आणि रसाचा पहिला थर ओतून ताट खळ्यात उन्हाला ठेवायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत आत घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. पहिला पुरता वाळलेला नसतो, ओलाही नसतो. बोट लावलं तर चिकटतं पण बोटाला येत नाही, तेव्हाच दुसरा घालायचा. असे सहा-सात थर. रोज एक थर, रोज एक ऊन. थर जाड पडला तर आत ओल राहते आणि महिन्याने बुरशी येते. आई दुपारभर पडवीत बसून कावळे हाकायची आणि तिथूनच आभाळ बघायची.

मी रजेचा अर्ज दिला. माझ्या खात्यात तेव्हा २४० दिवस पूर्ण होते आणि वरचे बुडत होते. त्याच महिन्यात आमच्या शाखेचं कोअर बँकिंग व्हायचं होतं. जुन्या खात्यांची माहिती नव्या यंत्रणेत न्यायची, रात्र-रात्र बसून ताळे घ्यायचे. साहेब म्हणाले, "जाऊन या, बघू आम्ही." त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मीच दोन दिवसांनी अर्ज मागे घेतला. माझ्याशिवाय काम अडेल असं मला वाटलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं. दिवाळीत ये मग."

जूनच्या सुरुवातीला गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तिने डबा पाठवला. तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेली साठं. मी तो डबा गाडीत नेला. पावणेआठच्या फास्टला आमचा डबा ठरलेला होता. तिथे आम्ही भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केली, एकमेकींची दुःखं ऐकली. सगळ्या बायकांनी एकेक तुकडा घेतला. एकीने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "अगं, कडेला थर मोजता येतायत." आम्ही मोजले. सात होते.

आई ऑक्टोबरात गेली. दसरा होऊन चार दिवस झाले होते.

कोअर बँकिंग वेळेवर झालं. मी रजेवर असते तरी ते झालं असतं. शाखेत आणखी दोन जण होते, माझ्याइतकेच तयार. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच मला कुठल्या साहेबावर, कुठल्या बँकेवर ठपका ठेवता येत नाही. उताऱ्यातल्या त्या वर्षाच्या ओळीत लॅप्सच्या रकान्यात एकोणीस आहेत. तीच ती एकोणीसची ओळ.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साडेचारला जाग येतच राहिली. पावणेआठ वाजले की पोटात कालवे. मिस्टर माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले होते. त्यांनी स्वयंपाकघरात बऱ्याच गोष्टींच्या जागा बदलल्या होत्या आणि त्या जागा सोयीच्या होत्या. हळूहळू आम्ही दोघं एका घरात दिवसा राहायला शिकलो. रविवारी मासळी आता ते आणतात.

नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी माझ्या जुन्याच शाखेत जायचं ठरवलं. घाई नव्हती, म्हणून दुपारी बाराची स्लो गाडी धरली. डोंबिवलीहून इतकी वर्षं फास्टनेच गेले होते. आमच्या काळात फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा बोगदा. गाडी आत शिरली की डब्यातले दिवे पिवळे होत, बोलणं ऐकू येईनासं होई आणि आम्ही उभ्याउभ्या डोळे मिटत असू. स्लो गाडी डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाते, हे मला माहीत होतं. पण पाहिलेलं नव्हतं. दिवा गेलं आणि एका बाजूला खाडी उघडली. भरतीचं पाणी कांदळवनात शिरलेलं, एक माणूस होडीत उभा राहून जाळं झाडत होता. दुसऱ्या बाजूला डोंगर, कातळावर पावसाळ्याची हिरवळ वाळत चाललेली आणि वर मुंब्रादेवीचं देऊळ. डब्यात आम्ही पाच-सहा जणी. उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्या माझ्या. मी उठून एकीतून दुसरीत जात राहिले.

मी शाखेत गेले. माझ्या खुर्चीवर बसलेल्या मुलीने फॉर्म पुढे केला. 'मी हयात आहे' या ओळीखाली मी सही केली. परत येताना पुन्हा स्लोच धरली.

लेक पुण्याला असते. सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या कंपनीत लेजर नाही, रांग नाही. पण रात्री साडेनऊला तिचे अमेरिकेशी कॉल सुरू होतात आणि जेवणाचं ताट लॅपटॉपशेजारी गार होतं. मोठमोठ्या उद्योगांतली माणसं आठवड्याला सत्तर तास काम करा, नव्वद करा असं जाहीरपणे सांगतात तेव्हा मला सासऱ्यांचे पसरलेले पाय आणि तो पाटा आठवतो. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तेवढेच राहतील असं त्यात म्हटलंय. तरी बारा हा आकडा पेपरात वाचला आणि लोखंडी स्टूल डोळ्यांसमोर आलं. अशा बातम्यांवर तज्ज्ञ काय म्हणतात ते मी वाचते. उत्पादन, स्पर्धा, गुंतवणूक. साडेसातला चपला घालून बसलेल्या पोरांची नोंद त्यांच्या कुठल्याच बाजूला पडलेली मला दिसत नाही. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर तो ताळा जमलेला नाही, आणि जमला असं म्हणून कुणी घरी जाऊ नये.

त्याच वर्षी मार्चमध्ये लेक फोनवर सहज म्हणाली, "आई, या वर्षी पण माझ्या चौदा लीव्ह लॅप्स झाल्या." तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मी फोन तसाच धरून राहिले. मग तिला म्हटलं, "मेमध्ये ये. आपण मामाकडे जाऊ. साठं घालू." ती म्हणाली, बघते. मी म्हटलं, "बघते नाही. अर्ज टाक आणि मागे घेऊ नको." इतक्या कडक आवाजात मी तिच्याशी फार वर्षांत बोलले नव्हते.

पहिल्या आठवड्यात यायचं होतं. काहीतरी रिलीज होतं म्हणून पुढे गेलं. १७ मेला ती आली. जावईही आला, आणि सात वर्षांचा नातू. माझ्या भावाने रायवळाच्या दोन हाऱ्या भरून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्ही रस काढला. नातवाचे कोपरापर्यंत हात पिवळे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी मिळून तीन थर झाले. ऊन कोवळंच होतं, आभाळ सारखं भरून येत होतं. आणि मग पाऊस लागला. त्या वर्षी पाऊस कधी नव्हे इतका लवकर आला. पुढे २६ मेला तो मुंबईत पोचला तेव्हा तर मिरगाला दोन आठवडे होते. आम्ही धावत जाऊन ताटं पडवीत घेतली. वीज गेली. मोबाइलची रेंज गेली. लेकीच्या लॅपटॉपची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली आणि संपली. ती दोनदा उठून खळ्याच्या कोपऱ्यात, रेंज यायच्या जागी, छत्री घेऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा उठली नाही.

तिची रजा अजून चार दिवसांची होती. मला वाटलं, आता म्हणेल की ऊनच नाही तर थांबून काय करू. ती म्हणाली, "आजी पाऊस आला की काय करायची?"

वहिनी म्हणाल्या, "चुलीच्या वर, माळ्याखाली ठेवायच्या. वास येतो धुराचा थोडा. पण वाळतं."

मग आम्ही मागच्या पडवीतली जुनी चूल पेटवली. फळी बांधली. ताटं वर चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीने एका ताटाच्या कडेला बोट लावून पाहिलं, रसाची वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आई, चौथा किती पातळ घालायचा? तिसऱ्याइतकाच, की कमी?"

मला माहीत नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या कोयता बाजूला ठेवून उठल्या, हात पुसले, लेकीच्या हातावर हात ठेवून त्यांनी वाटी थोडी कलती केली आणि म्हणाल्या, "एवढाच. आता ताट फिरव. सावकाश फिरव."